नऊ हजार लिटर हवा आणि एक पितळी भोक

एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला हवा किती लागते? करा बरं अंदाज! पाच लिटर? पन्नास? चला, हिशोबच करू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा झाली जवळजवळ 11 किलो. आणि हजार लिटर हवेचं वजन भरतं जेमतेम 1.2 किलो. भागाकार करा. उत्तर येतं साधारण 9,000 लिटर!

एवढ्या हवेत एवढंसं पेट्रोल, तेही सारखं आणि नेमक्या प्रमाणात मिसळायचं. पेट्रोल जास्त झालं की सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि प्लग काजळतात. कमी झालं की गाडी गचके खाते, इंजिन तापतं. आजच्या गाड्यांत हे प्रमाण एक छोटा संगणक सांभाळतो. पण तुमच्या आजोबांच्या काळातल्या गाडीत ना संगणक होता, ना सेन्सर. तिथे हे काम करायचा मुठीपेक्षा जरासा मोठा धातूचा एक ठोकळा, कार्ब्युरेटर. गॅरेजमधले काका त्याला ‘काब्रेटर’ म्हणतात.

आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. 1964 मध्ये ती ‘फियाट 1100 डिलाइट’ या नावाने आली आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आठवतात ना? त्यातली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची मात्र अजून चालते. म्हणजे चालत होती! काही महिने उभी राहिली आणि मग स्टार्टच होईना. पेट्रोल होतं, बॅटरी चांगली होती, प्लगला ठिणगी येत होती. राहिला कार्ब्युरेटर. माझी भाची सातवीत आहे. तिने फर्मान काढलं, “मामा, आपणच खोलू या ना!”

खोलायच्या आधी एक गोष्ट पक्की ठरवली. पेट्रोलचं काम मोठ्यांचं. बॅटरीची तार काढून, मोकळ्या हवेत, आसपास गॅस-काडेपेटी काही नाही अशा जागी मी कार्ब्युरेटर उतरवला, त्यातलं पेट्रोल काढून टाकलं आणि तो चांगला वाळू दिला. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून भाचीची पाळी आली ती ठोकळा कोरडा झाल्यावर.

खाली पांढरं कापड अंथरलं, शेजारी कागद-पेन्सिल. जो भाग निघेल त्याचा आधी मोबाइलवर फोटो, मग कापडावर ओळीने त्याची जागा. वरच्या झाकणाचे स्क्रू सुटले, झाकण उचललं, आणि आत दिसली एक छोटी टाकी. हे फ्लोट चेंबर. त्यात एक पोकळ फ्लोट आणि त्याच्यावर एक टोकदार सुई.

हे तुम्ही रोज पाहता, फ्लशच्या टाकीत! पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. इथेही तेच. पेट्रोल ठरलेल्या पातळीला पोचलं की फ्लोट सुईला वर दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. ही पातळी थोडी जरी वर गेली तरी कार्ब्युरेटर ‘ओव्हरफ्लो’ होतो आणि सगळीकडे पेट्रोलचा वास सुटतो. भाचीने फ्लोट कानाशी धरून हलवला. आत काही डुचमळलं असतं तर फ्लोटला भोक पडलंय असं समजायचं. मग आम्ही तो गरम पाण्यात बुडवून पाहिला. गरम पाण्याने आतली हवा फुगते, आणि कुठे बारीकशी चीर असेल तर तिथून बुडबुडे येतात. एकही बुडबुडा आला नाही. फ्लोट पास!

आता खरी गंमत. कार्ब्युरेटरच्या मधून एक आरपार बोगदा जातो. वरून हवा शिरते, खालून इंजिनात जाते. मध्येच हा बोगदा अरुंद होतो. या अरुंद जागेला व्हेंचुरी म्हणतात. इटलीतल्या जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी या शास्त्रज्ञाने 1797 मध्ये नळ्यांमधल्या अशा प्रवाहावर लिहिलं, आणि त्याच्याही आधी, 1738 मध्ये, डॅनिएल बर्नुलीने वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं होतं. तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता!

जेवढी हवा वरून आत आली तेवढीच खालून बाहेर पडायला हवी. मग अरुंद जागेत तिला पळावं लागतं. हवेचा वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. आणि नेमकी तिथेच पेट्रोलची तोटी बसवलेली असते. तिकडे फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा पूर्ण दाब. इकडे दाब जास्त, तिकडे कमी. पेट्रोल तोटीतून वर चढतं आणि पळत्या हवेत त्याचा फवारा उडतो. लक्षात आलं का? इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो, पण खरं तर तुमच्या-माझ्या भोवतीची हीच हवा पेट्रोलला ढकलत असते.

आणखी एक. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात पेट्रोल सोडलं जातं, असं पुष्कळांना वाटतं. या गाडीत पायाखालची ती पट्टी बोगद्यातली एक गोल झडप उघडते, बस्स. त्यामुळे हवा जास्त शिरते, दाब आणखी कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वाढतं. फक्त एक अडचण आहे. झडप एकदम उघडली तर हलकी हवा लगेच धावते आणि जड पेट्रोल क्षणभर मागे राहतं. त्या क्षणासाठी बाजूला एक छोटासा पंप असतो. तो झटकन पेट्रोलची चिळकांडी मारतो. भाचीने तो पंप बोटाने दाबून पाहिला आणि मग किती वेळ दाबतच बसली!

पण पेट्रोल किती जायचं हे ठरवतं कोण? जेट. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. आम्ही मेन जेट भिंगाखाली धरलं. त्यावर आकडा कोरलेला होता. पद्मिनीला असतो तसल्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे 120 आकडा असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं. गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असते तेव्हाचं पेट्रोल पायलट जेटमधून जातं, आणि त्याचं भोक तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वर एक जेट हवेचंही असतं. वेग वाढेल तसं पेट्रोल प्रमाणाबाहेर जाऊ लागतं, त्याला हे जेट हवा मिसळून आवर घालतं. म्हणजे सगळं गणित भोकांच्या मापात भरून ठेवलेलं! माणसाने केलेल्या युक्त्यांमधली ही मला फार थोर युक्ती वाटते.

आमचं पायलट जेट उजेडासमोर धरलं तर पलीकडचं काही दिसेना. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे तपकिरी चिकट थर उरतो. त्यानेच ते बुजलं होतं. “मामा, टाचणी घालू का?” नाही, मुळीच नाही! पितळ मऊ असतं, टाचणीने भोक मोठं होतं. समजा मेन जेटचं भोक 1.20 चं 1.30 झालं. फरक केसाएवढा, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 1.30 चा वर्ग 1.69 आणि 1.20 चा 1.44. म्हणजे भोक तब्बल 17 टक्क्यांनी मोठं झालं, आणि सगळं प्रमाण बिघडलं.

टाचणीवरून बर्था बेंझ आठवली. ऑगस्ट 1888 मध्ये ही धाडसी बाई नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन आपल्या दोन मुलांसह जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पेट्रोलपंप नव्हतेच, तिने वाटेत वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या लांब पिनेने ती मोकळी केली. नळीत पिन चालते, जेटमध्ये नाही. म्हणून आम्ही जेट क्लीनरमध्ये भिजत ठेवलं, मग डोळ्यांवर चष्मा लावून मी त्यात कॉम्प्रेसरने हवा मारली. पुन्हा उजेडासमोर धरलं, आणि आरपार एक लखलखीत ठिपका!

जोडणी म्हणजे उलट्या क्रमाचे फोटो. जुनी पॅकिंग फेकून दुरुस्तीच्या किटमधली नवी घातली, कारण एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा नीट बसत नाही आणि फटीतून फुकटची हवा शिरते. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे बसतात ते भाचीने कागदावर लिहून ठेवलं होतं, बसवताना तेवढेच फेरे बाहेर घेतले. मग चोक ओढला, म्हणजे थंड इंजिनाला जरा जास्त पेट्रोल मिळतं, आणि चावी फिरवली. खोकत खोकत पद्मिनी सुरू झाली! मिश्रणाचा स्क्रू मी थोडा थोडा फिरवत होतो आणि भाची कान देऊन सांगत होती, “अजून... अजून... आता एकसारखा आवाज येतोय!”

आज जुन्या गाड्यांपुढे एक नवा प्रश्न आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्या उसापासून येतं. एक किलो इथेनॉलला सुमारे 9 किलोच हवा पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून जाणारं पेट्रोल आता थोडं अपुरं पडतं. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून जुन्या गाडीची टाकी महिनोन्महिने भरून ठेवू नये, आणि किट घेताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचंच घ्यावं.

नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर आता जवळजवळ गेला. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे भारत स्टेज-6 नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींनीही त्याचा निरोप घेतला. पण घरातली जुनी स्कूटर किंवा मोटरसायकल त्याआधीची असेल तर तिच्यात तो अजून असू शकतो. तिला तुम्ही हात लावू नका. तुम्ही करायचं ते असं: पेलाभर पाण्यात स्ट्रॉचा आखूड तुकडा उभा धरा, दुसऱ्या स्ट्रॉतून त्याच्या वरच्या तोंडावर आडवी जोराची फुंकर मारा, आणि पाणी वर चढून फवारा कसा उडतो ते बघा. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन एखादं जुनं, टाकाऊ जेट मागा. ते भिंगाखाली धरून त्यावरचा आकडा वाचा, आणि किती आला ते आम्हाला नक्की कळवा.