ट्यून केलेल्या टर्बो गाडीला स्पार्क प्लग कोणता बसवायचा? गॅरेज टाकणाऱ्यांसाठी

गॅरेज व्यवसायाच्या व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात. म्हणून स्पार्क प्लगचा विषय इथे सविस्तर लिहून देतोय, म्हणजे पाना हातात असताना मोबाईलवर उघडून बघता येईल.

तुम्ही स्वतःचं गॅरेज टाकलंय किंवा टाकायच्या विचारात आहात. एक दिवस एखादा तरुण मुलगा पोलो घेऊन येणार. एक लिटरचं टीएसआय इंजिन, तीन सिलिंडर, कंपनीतून ११० पीएस. आपल्या चाकणलाच बनलेली गाडी. २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण हौशी लोक ती अजून जपून ठेवतात आणि ट्यून करून घेतात. तो म्हणणार, "सर, स्टेज वन करून घेतलंय. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली की झटके मारते. सगळ्यात भारी इरिडियम प्लग टाकून द्या."

इथे तुमची परीक्षा सुरू होते. तो मागतोय ते विकलंत तर तासाभरात बिल होईल. पण भारी प्लग आणि योग्य प्लग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीचा प्लग बसला आणि पिस्टनला भोक पडलं, तर अख्ख्या गावात तुमचं नाव होईल, नको त्या कारणानं.

आधी आत काय घडतं ते समजून घेऊ. टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. ट्यून केल्यावर तो दाब आणखी वाढतो, म्हणजे प्रत्येक स्फोटात जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त उष्णता. ही उष्णता प्लगच्या टोकालाही लागते. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्यावर बसणारं कार्बन जळून जातं. आणि ८०० अंशांच्या फार पुढे जाता कामा नये. गेलं, तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतोय, अशी अवस्था. यात इंजिन काही सेकंदांत जाऊ शकतं.

प्लग टोकाची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडकडे पोहोचवतो, त्याला हीट रेंज म्हणतात. आतल्या पांढऱ्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, टोक गरम राहतं. हा 'गरम' प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते. हा 'थंड' प्लग. थंड प्लगची ठिणगी थंड नसते आणि त्यानं इंजिनही थंड होत नाही. फक्त टोक थंड राहतं. गिऱ्हाइकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, निम्मा विश्वास तिथेच बसतो.

आता आकड्यांची गंमत बघा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६ म्हणजे साधारण डेन्सोचा २०, आणि ७ म्हणजे डेन्सोचा २२. दुकानदारानं "तो नाही, त्याच्याच जोडीचा हा घ्या" म्हणून दुसऱ्या कंपनीचा डबा पुढे केला की फसगत इथे होते. कोड वाचायला शिका. उदाहरणार्थ, बीकेआर७ईआयएक्स. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आयएक्स म्हणजे इरिडियम. (हा कोड कसा वाचायचा यासाठी दिलाय, पोलोला बसवण्यासाठी नाही!) आट्यांची लांबी चुकली तर प्लग एकतर आत पिस्टनला भिडेल, नाहीतर खड्ड्यात लपून राहील. तिथे 'चालतंय की' अजिबात नको.

मग किती थंड घ्यायचा? एनजीकेचा एक ढोबळ नियम प्रसिद्ध आहे: ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड. पण हा नियम डोळे झाकून लावू नका. आठ सिलिंडरच्या इंजिनात ८० हॉर्सपॉवर वाढली तर एका सिलिंडरच्या वाट्याला १० येतात. आपल्या तीन सिलिंडरच्या पोलोत नुसती ३० वाढली तरी वाटा तेवढाच, १०. म्हणजे "आपली तर फक्त तीसच वाढलीय, कंपनीचाच प्लग ठेवा" हा हिशेब लंगडा आहे. माझं मत विचाराल तर, छोट्या टर्बो इंजिनात बूस्ट बऱ्यापैकी वाढवला असेल आणि गाडी हायवेला लांबवर दामटली जात असेल, तर एक पायरी थंड घ्या. दोन पायऱ्या नकोत. रोज सकाळी ऑफिसला तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत अति थंड प्लग ४५० अंशांना पोहोचतच नाही, काळा पडतो आणि थंडीत गाडी सुरू होताना मिसिंग मारते. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बूस्टचा विचारू नका, "गाडी रोज कुठे चालवता?" हे विचारा. दुसरा प्रश्न पेट्रोलचा. ट्यून ९५ ऑक्टेनसाठी लिहिलंय आणि हा साधं भरतोय, तर नॉकिंग होणारच. ते प्लग बदलून थांबणार नाही.

आता त्याच्या मूळ तक्रारीकडे येऊ. पूर्ण दाबल्यावर झटके. याचं कारण बहुतेक वेळा हीट रेंज नसतं, गॅप असतो. दाबलेल्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. भरगच्च लोकलमधून दारापर्यंत पोहोचण्यासारखं आहे ते. बूस्ट वाढला की जुन्याच गॅपमध्ये कॉइलची ताकद अपुरी पडते, ठिणगी विझते आणि गाडी झटका देते. उपाय म्हणजे गॅप कमी करणे. प्लगवर ०.८ मिलिमीटर असेल तर ०.७ करून बघा, गरज पडली तर ०.६५. एका वेळी ०.१ पेक्षा जास्त उडी नको. फार कमी केलात तर ठिणगी बारीक पडते आणि आयडलला गाडी थरथरते.

पण त्याआधी कॉइल तपासा, त्याला पैसे लागत नाहीत. स्कॅनर लावल्यावर पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि पुन्हा गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा.

इरिडियम की साधा? इरिडियम साधारण २४४६ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं आणि लवकर झिजत नाही. बारीक टोकाला ठिणगीसाठी व्होल्टेजही कमी लागतं. टर्बोत हा खरा फायदा आहे. पण इरिडियम घातल्यानं पॉवर वाढते, हे सांगून माल विकू नका. शिवाय ते टोक ठिसूळ असतं. गॅप करताना मधल्या टोकाला हत्यार टेकवून वाकवलंत की गेलं. फक्त बाहेरची पट्टी हलवायची आणि वायरच्या गेजनं मोजायचं.

बसवताना इंजिन थंड हवं. १४ मिलिमीटरच्या गॅस्केटवाल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि बैठकीतून हेडमध्ये जाते, त्यामुळे सैल राहिलेला थंड प्लगसुद्धा तापतो. आट्यांना ग्रीस लावायची सवय असेल तर सोडा. मुलामा दिलेल्या आट्यांना त्याची गरज नसते आणि पाना त्याच आकड्याला प्रत्यक्षात जास्त आवळतो. टॉर्क पाना नसेल तर हे काम घेऊच नका. आधी पाना घ्या, मग बाहेरचा बोर्ड रंगवा.

आता धंद्याचं. प्लगवर मिळणारा नफा थोडा असतो आणि गिऱ्हाईक मोबाईलवर भाव बघूनच येतो. त्यामुळे पैसे तपासणीचे घ्या: स्कॅन, कॉइल तपासणी, गॅप लावणे, टेस्ट ड्राइव्ह, असं वेगळं लिहून. प्लग अधिकृत वितरकाकडूनच आणि पक्क्या बिलावर घ्या, कारण बाजारात नकली माल फिरतो आणि डब्यावरून तो ओळखू येत नाही. ट्यूनिंगमुळे वॉरंटी जाऊ शकते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेही एकदा वाचून ठेवा. वादाची वेळ आली तर गिऱ्हाइकाची सही असलेलं जॉब कार्डच कामाला येतं.

काढलेले जुने प्लग फेकू नका. सिलिंडरच्या क्रमानं मांडून त्याला दाखवा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडा काळा म्हणजे प्लग फार थंड किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे तापतोय. चिनीमातीवर चकाकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. अशा वेळी नवे प्लग बसवून गाडी परत देऊ नका, ट्यून करणाऱ्याला फोन लावा. नाहीतर जॉब कार्डवर कोड, गॅप, टॉर्क आणि किलोमीटर लिहा, आणि हजार किलोमीटर झाल्यावर प्लग पुन्हा काढून बघायची तारीख त्याला तिथेच द्या.