फ्लँजवरील आंकड्याचा अर्थ

वाफेच्या पोलादी पात्रास नळ जोडतांना दोहोंच्या तोंडांवरील जाड कडा समोरासमोर आणून, मध्यें गॅस्केट घालून, त्या बोल्टांनीं आवळतात. या कडेस फ्लँज म्हणतात. प्रत्येक फ्लँजचें गणित नव्यानें मांडणें कष्टाचें. म्हणून अमेरिकेंतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें ‘बी १६.५’ या मानकांत अर्धा ते २४ इंची नळांकरितां फ्लँजांचीं मापें व सोसावयाचा दाब ठरवून दिला आहे.

परंतु येथें एक भूल संभवते. ‘१५०’ वर्गाचा फ्लँज म्हणजे दर चौरस इंचास सदैव १५० पौंड सोसणारा, असें नवशिक्यास वाटतें. वस्तुतः साध्या कार्बन पोलादाच्या या फ्लँजास १०० अंश फॅरनहाइटला २८५ पौंड, ४०० अंशांस २००, तर ८०० अंशांस अवघे ८० पौंड दाबाची मुभा आहे. कारण तापलेल्या पोलादाची शक्ति घटते.

उष्णता-विनिमय यंत्रांत नळ्यांच्या आंतून एक व बाहेरून दुसरा प्रवाह जातो. दोहोंचे दाब व उष्णता भिन्न असल्यानें दोन्ही बाजूंचे फ्लँज निरनिराळे तपासावे लागतात. यंत्राच्या तोंडाचा मोठा फ्लँज मानकांत न बसल्यास त्याचें गणित स्वतंत्रच करावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, सांधा सुटल्यास कढत वाफ जवळच्या कामगारावर येते. म्हणून आंकडा नुसता वाचूं नये. तो कोणत्या उष्णतेस खरा, हें आधीं विचारावें.