साठ खून, एक संसार

ईव्ह डॅलस ही न्यू यॉर्क पोलिसांच्या खून-तपास विभागातली लेफ्टनंट. 1995 साली ती वाचकांना पहिल्यांदा भेटली तेव्हा नुकती तिशीत आली होती. त्या वेळी तिच्याच वयाच्या असलेल्या वाचक बायका आज साठीला पोचल्या, त्यांतल्या काही आज्याही झाल्या असतील. ईव्ह मात्र अजून पस्तिशीच्या अलीकडेच आहे.

‘इन डेथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेची साठावी कादंबरी 2025 मध्ये आली. पहिलीचं नाव ‘नेकेड इन डेथ’, दुसरीचं ‘ग्लोरी इन डेथ’, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक नावाला तेच शेपूट. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहून ठेवल्या असल्यामुळे मराठी वाचकाचे डोळे साठच्या आकड्याने दिपायचे नाहीत. दिपायला होतं ते दुसऱ्याच हिशेबाने. गोष्ट सुरू होते 2058 सालच्या हिवाळ्यात, आणि साठ कादंबऱ्यांनंतरही तिथे चार वर्षं पुरी झालेली नाहीत. सरासरी काढली तर बाईंच्या वाट्याला दर तीनेक आठवड्यांनी एक नवं, गुंतागुंतीचं खूनप्रकरण येतं. आणि या साऱ्या काळात तिचा नवरा एकच आहे, त्याच्यावरचं प्रेमही तेच आहे.

मला नवल वाटतं ते याचं. रहस्यकथा आणि प्रेमकथा यांचं मुळात जमत नाही, असं जुने जाणकार सांगत आले. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने 1928 मध्ये रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यातला एक असा की गोष्टीत प्रेमप्रकरण नको. काम गुन्हेगाराला न्यायासनापुढे पोचवण्याचं आहे, प्रेमिकांना बोहल्यावर चढवण्याचं नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डोरथी सेयर्स यांनीही एका संग्रहाच्या प्रस्तावनेत जवळपास हीच तक्रार केली. आणि दोनच वर्षांनी, 1930 मध्ये, त्यांनी स्वतःच आपल्या लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराला प्रेमात पाडलं, तेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईच्या. हॅरिएट व्हेन या रहस्यकथालेखिकेवर आपल्या पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप असतो. पीटर तिला तुरुंगात पहिल्याच भेटीत मागणी घालतो आणि पुढे फासावरून सोडवतो. सेयर्स यांचा बेत असा होता की त्याचं एकदा लग्न लावून द्यावं आणि त्याच्यापासून आपली सुटका करून घ्यावी. पण हॅरिएट काही केल्या हो म्हणेना. ज्याने जीव वाचवला त्याच्या उपकाराखाली प्रेम कसं करायचं, हा तिचा प्रश्न. होकार यायला 1935 उजाडलं. 1937 मध्ये त्यांच्या मधुचंद्राची कादंबरी आली आणि त्यानंतर सेयर्स यांच्या हातून पीटरची एकही कादंबरी पुरी झाली नाही. एक अर्धवट राहिली, ती जिल पेटन वॉल्श यांनी पूर्ण करून 1998 मध्ये छापली.

म्हणजे लग्न झालं आणि मालिका आटोपली. जॅनेट इव्हानोविच यांनी यावर वेगळी युक्ती काढली: लग्नच होऊ द्यायचं नाही. त्यांची स्टेफनी प्लम 1994 पासून न्यू जर्सीत फरार आरोपींच्या मागे धावते आहे, आणि मोरेली की रेंजर या एका प्रश्नावर तिच्या वाचकांचे दोन पक्ष वर्षानुवर्षं नांदत आहेत. उत्कंठा टिकवायची तर निर्णय लांबवायचा. टीव्ही मालिका लिहिणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

‘इन डेथ’च्या लेखिकेने यातलं काहीच केलं नाही. तिने तिसऱ्याच पुस्तकाच्या शेवटी लग्न लावून टाकलं आणि पुढची सत्तावन्न पुस्तकं त्या संसारावर उभी केली.

ही लेखिका म्हणजे नोरा रॉबर्ट्स. पुस्तकांवर नाव असतं जे. डी. रॉब, मुलगे जेसन आणि डॅन यांची आद्याक्षरं आणि आडनावाचा तुकडा. टोपणनावाचं कारण मोठं मजेदार आहे. प्रेमकथांची ही राणी इतकी भराभर लिहायची की प्रकाशकांना तिच्या नावाने एवढी पुस्तकं बाजारात आणणं जमेना. मग दुसरं नाव घेऊन दुसऱ्याच जातीचं लिखाण सुरू झालं: भविष्यातलं न्यू यॉर्क, पोलिसी तपास, खून. तिच्या सगळ्या कादंबऱ्या मिळून दोनशेच्या वर जातात.

पहिल्या पुस्तकात सेयर्स यांचाच डाव उलटा मांडलेला दिसतो. इथे तपास करणारी बाई आहे आणि संशयित पुरुष. रोर्क हा डब्लिनच्या गल्लीत वाढलेला, एके काळी चोरी-तस्करी केलेला आणि आता अब्जाधीश झालेला माणूस. एका सिनेटरच्या नातीचा खून होतो आणि ईव्हच्या यादीत त्याचं नाव येतं. तिच्या कोटाचं एक बटण त्याच्या गाडीत गळून पडतं, ते तो उचलून खिशात टाकतो. साठाव्या पुस्तकापर्यंत ते बटण त्याच्या खिशात आहे. कुणी विचारलं की या मालिकेत एवढं काय आहे, तर कितीतरी वाचक कथानक सांगत बसत नाहीत, त्या बटणाचं नाव घेतात.

रचनेची गंमत आता बघा. होम्स किंवा पॉयरो यांच्या गोष्टींत गुन्हा दर वेळी नवा आणि गुप्तहेर जसाच्या तसा. प्रेमकथांच्या मालिकेत सहसा दर वेळी जोडी नवी. आधी थोरल्या भावाचं जमतं, मग मधल्याचं, मग धाकट्याचं. रॉब यांनी खून घेतला पहिल्या पद्धतीचा, दर पुस्तकात नवा आणि त्याच पुस्तकात संपणारा. प्रेम मात्र दोन्हींच्या बाहेरचं: तीच जोडी, आणि मागच्या पुस्तकात भांडण जिथे थांबलं तिथूनच पुढे. खुनाचं कोडं सुटतं, लग्नाचं कोडं सुटल्यासारखं वाटून पुन्हा गुंतत राहतं. त्यासाठी काळ इतका ताणून ठेवावा लागतो की साठ पुस्तकांनंतरही हे जोडपं तसं नवविवाहितच असतं.

पण वाचकांचा काळ कोण ताणणार? या मालिकेवर वाचक फार हिरिरीने बोलतात, आणि त्यांची बरीचशी भांडणं या दोन घड्याळांमधल्या फरकातून निघतात असं मला वाटतं.

ईव्हच्या दुःस्वप्नांचंच घ्या. आठ वर्षांची असताना ती टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या एका गल्लीत, हात मोडलेल्या अवस्थेत सापडली. नाव-आडनाव सरकारी समाजसेविकेने दिलं. तिच्या बापाने तिच्यावर केलेले अत्याचार तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवत जातात, बहुतेकदा झोपेत. काही वाचक म्हणतात, पुरे आता, तीच स्वप्नं किती पुस्तकांत वाचायची? दुसरे, आणि त्यात स्वतः असं काही सोसलेलेही असतात, म्हणतात की एवढी जखम दोन वर्षांत भरून येते असं दाखवलं असतं तर तो खोटेपणा झाला असता. दोघंही बरोबर आहेत. पहिला वाचक आपलं घड्याळ बघतो, दुसरा ईव्हचं. 2011 च्या ‘न्यू यॉर्क टू डॅलस’मध्ये लेखिका तिला पुन्हा त्याच शहरात नेते, आणि मला तरी ते पुस्तक मालिकेतलं सर्वांत धाडसाचं वाटतं. त्यानंतर स्वप्नं येतात, पण त्यांची जात बदललेली असते.

मुलाचा प्रश्न तर याहून नाजूक. ईव्हला मूल झालं की मालिका संपली, असं लेखिकेने सांगून ठेवलं आहे. त्यामुळे एरवी कुठल्याही जोडप्याकडे पाळण्याची आशा धरणारे वाचक इथे मात्र पाळणा हलू नये अशी प्रार्थना करताना दिसतात! ती भूक भागवायला मैत्रीण मेव्हिसची मुलगी आहे. बेला जन्मली 2006 साली आलेल्या ‘बॉर्न इन डेथ’मध्ये. आपल्या हिशेबाने तिने आता कॉलेजात असायला हवं. पुस्तकात ती अजून बोबडं बोलते आणि डॅलसला ‘दास’ म्हणते.

सगळ्यात कडवा वाद मात्र काळाचा नाही, नवऱ्याचा आहे. 2007 च्या ‘इनोसंट इन डेथ’मध्ये रोर्कच्या पूर्वायुष्यातली मॅग्डलेना उगवते, आणि जगातली कुठलीही लबाडी चटकन ओळखणाऱ्या या माणसाला तिचा डाव दिसत नाही. ईव्ह आतल्या आत तुटत जाते. ‘आमचा रोर्क असा वागणारच नाही,’ हा एका बाजूचा दावा. दुसरी बाजू म्हणते, इतक्या पुस्तकांत पहिल्यांदा तो खऱ्या नवऱ्यासारखा वागला. मी दुसऱ्या बाजूचा. ज्याच्याकडे बेट आहे, अवकाशात हॉटेल आहे आणि निम्म्या न्यू यॉर्कची मालकी आहे, त्याने एकदा तरी मूर्खासारखं वागायलाच हवं होतं. नाहीतर त्याची श्रीमंती हीच गोष्टीतली अडचण होते: गाडी मोडली की नवी, इमारतीत शिरायचं तर ती त्याचीच, माहिती हवी तर घरातल्या गुप्त खोलीत बेकायदा संगणक तयार. कायद्यावर एवढी निष्ठा सांगणारी पोलीस त्या खोलीत जाते कशी, हा प्रश्न पोलिसी कथांचे वाचक विचारतात. प्रेमकथांचे वाचक त्याच खोलीत दोघांचा एकमेकांवरचा विश्वास बघतात. पुस्तक एकच, पण हातात घेताना दोघांनी दोन वेगवेगळे करार केलेले असतात.

कॉफीबद्दल मात्र दुमत नाही. 2058 मध्ये खरी कॉफी सोन्याच्या भावाची. सामान्य माणूस नकली पितो. रोर्क ओळख झाल्या झाल्या ईव्हला खऱ्या कॉफीची पिशवी पाठवतो, आणि अर्धं काम तिथेच होतं. शिवाय कार्यालयात लपवलेलं चॉकलेट चोरणारा अज्ञात चोर, म्हणींची मोडतोड, कारभारी समरसेटशी रोजची खडाजंगी, गॅलहॅड नावाचा गलेलठ्ठ बोका. यावर जीव टाकणारेही आहेत आणि ‘हे दर वेळी का?’ विचारणारेही.

एक गोष्ट लेखिकेच्याही हातात राहिलेली नाही. 1995 मध्ये 2058 हे साल खूप लांब होतं. पुस्तकातली माणसं ‘अर्बन वॉर्स’ नावाच्या शहरी युद्धांचा उल्लेख म्हाताऱ्यांच्या आठवणींसारखा करतात, आणि तो काळ येतो आपण जगतो आहोत त्याच्या आसपासचा. चित्रासह बोलणारे खिशातले ‘लिंक’ तेव्हा अद्भुत होते, आज ते भाजीवाल्याच्या हातात आहेत. मालिका तिच्या भविष्याकडे गोगलगायीच्या गतीने सरकते आणि आपण मागून धावत तिला गाठत चाललो आहोत.

वाचकांनी या जोडप्याला कुठे नेऊन बसवलं, हे बघायचं तर अमेरिकेत मेरिलँडमधल्या बून्सबरो या गावी जावं. तिथे रॉबर्ट्स यांची एक छोटी सराय आहे, तिच्या खोल्यांना साहित्यातल्या प्रेमी युगुलांची नावं आहेत. ऑस्टिनच्या एलिझाबेथ आणि डार्सी यांची खोली आहे, जेन आणि रॉचेस्टर यांची आहे, हॅमेटच्या ‘द थिन मॅन’मधल्या निक आणि नोरा या गुप्तहेर दांपत्याची आहे. आणि एक खोली ईव्ह आणि रोर्क यांची, भविष्यातल्या थाटात सजवलेली. स्वतःच्या पात्रांना ऑस्टिनच्या शेजारी बसवणं हा आगाऊपणा म्हणता येईल. पण तीस वर्षं ज्यांनी हा संसार पाहिला त्यांना त्यात काही वावगं वाटत नसावं.

वाचायला घ्यायचं असेल तर पहिली तीन पुस्तकं क्रमाने घ्या. खून सुटे वाचता येतात, लग्न सुटं वाचता येत नाही. ‘इनोसंट’ला त्याआधीची निदान दहा-बारा झाल्याशिवाय हात लावू नका. आणि सलग तीस पुस्तकांचा फडशा पाडू नका. तेच-ते असल्याची तक्रार बहुतेक वेळा तशा वाचकांकडूनच येते. लेखिका वर्षाला दोन देते. तुम्हीही तेवढीच घ्या.