गाईडची वीस मिनिटं

खुटबाववरून पुण्याला गाईडना भेटायला जायचं म्हणजे आख्खा दिवस जातो. दौंड-पुणे गाडी, पुढं बस, मग विभागाबाहेर थांबणं. प्रत्यक्ष भेट वीस मिनिटांची, तीही मध्ये कुणी सही घ्यायला आलं नाही तर. पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला हेच येणार आहे, म्हणून त्या वीस मिनिटांबद्दल लिहितोय.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. शिवाय लेक्चर, पेपर तपासणी आणि नॅकची कागदपत्रं आहेतच. मागच्या भेटीत काय ठरलं हे सरांना आठवलं नाही तर रागावू नका. ते लक्षात ठेवणं तुमचं काम.

"सर, पुढं काय करू?" असं विचारलंत, तर "अजून वाचा" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा दोन पानं लिहून दोन दिवस आधी पाठवा. समजा, दौंड भागात ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणावर तुम्हाला काम करायचंय. मग 'समस्यांचा अभ्यास' नको. हंगाम संपवून गावी परतल्यावर ही मुलं शाळेत किती दिवसांनी बसतात, हे कुठल्या हजेरीपटावरून कळेल, आणि तुमचं घोडं कुठं अडलंय, एवढं लिहा. नेमकं लिहिलेलं चुकलं तर सरांना खोडता येतं. मोघम लिहिलेल्यावर ते नुसतं "बरं" म्हणतात, आणि ते "बरं" फार महागात पडतं!

परतीच्या गाडीतच, काय ठरलं आणि कधीपर्यंत करणार, ते चार ओळींत मेल करून टाका.

आता अवघड भाग. गाईडचं म्हणणं पटलं नाही तर? इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएचडी करत होत्या. हा माणूस वंशश्रेष्ठत्व मानणारा, पुढं नाझी राजवटीला साथ देणारा. युरोपीय लोकांची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी जास्त असमान असते आणि ते त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण आहे, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार तसा फरक दिसला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. पदवीही मिळाली. पुढं १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या.

त्यांच्याकडे मोजमापं होती, हे महत्त्वाचं. तुम्हीही "मला तसं वाटत नाही" म्हणण्याऐवजी तक्ता समोर ठेवा, आणि तो आधी सरांनाच दाखवा. कँटीनमध्ये नको.

महिनोन्‌महिने वेळच मिळत नसेल, तर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढं जावं लागतंच. तिथं तक्रारीचा सूर न लावता ते जुने मेल तारखेनुसार लावून न्या.