हातचा न विसरणारे यंत्र

बेरीज करताना हातचा धरावयाचा राहिला म्हणजे सारेच उत्तर चुकते. पाटीवरची अशी चूक पुसून टाकता येते. परंतु तीच चूक छापील पुस्तकात शिरली आणि त्या पुस्तकाच्या भरवशावर एखादा कप्तान भर समुद्रात आपल्या जहाजाचे स्थान ठरवू लागला, तर सर्वांच्याच जिवाशी गाठ असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील दर्यावर्दी आणि खगोलशास्त्रज्ञ यांच्यापुढे हेच संकट होते. मोठमोठे गुणाकार-भागाकार पुनःपुन्हा करावे लागू नयेत, म्हणून ही मंडळी तयार कोष्टकांची पुस्तके जवळ बाळगीत. ती कोष्टके माणसे कागद-लेखणी घेऊन तयार करीत. असे आकडेमोडीचे काम करणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणत. आज यंत्राला असलेले हे नाव मूळचे माणसाचे होय.

इ. स. १८२१ मध्ये चार्ल्स बॅबेज हा तरुण गणितज्ञ आपला मित्र जॉन हर्शेल याच्यासह खगोलशास्त्राची अशीच काही कोष्टके तपासत बसला होता. एकच गणित दोन निरनिराळ्या माणसांकडून करवून घेतले होते. पण उत्तरे पदोपदी भिन्न निघत होती. शेवटी बॅबेज वैतागला आणि ही सारी आकडेमोड वाफेच्या बळावर झाली असती तर किती बरे झाले असते, असे उद्गार त्याने काढले. वाफेची यंत्रे तेव्हा खाणीतील पाणी उपसत होती व गिरण्या चालवीत होती. बॅबेजच्या मनात मात्र यंत्राकडून गणित करवून घेण्याचा विचार घर करून बसला.

बेरजेची यंत्रे त्यापूर्वीही झाली होती. फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने करवसुलीचे हिशोब करणाऱ्या आपल्या वडिलांसाठी १६४२ साली असे एक यंत्र करावयास घेतले होते. परंतु त्यात प्रत्येक आकडा हाताने भरावा लागे व उत्तरही हातानेच उतरून घ्यावे लागे. जेथे माणसाचा हात लागला, तेथे चुकीला वाट मिळाली. बॅबेजला ती वाटच बंद करावयाची होती.

त्याने आधार घेतला तो एका साध्या युक्तीचा. १, ४, ९, १६, २५ हे ओळीने आलेले वर्ग पाहा. लगतच्या दोन वर्गांतील फरक ३, ५, ७, ९ असे आहेत आणि या फरकांमधील फरक सर्वत्र २ हाच आहे. मग पुढचा वर्ग काढण्यास गुणाकार कशाला हवा? ९ मध्ये २ मिळविले की ११ होतात; २५ मध्ये ते ११ मिळविले की ३६. याप्रमाणे केवळ बेरजा करीत हवे तितके पुढे जाता येते. अनेक अवघड कोष्टकेही याच रीतीने करता येतात. या फरकांवरून बॅबेजने आपल्या यंत्राला ‘डिफरन्स एंजिन’ म्हणजे ‘फरक-यंत्र’ असे नाव दिले.

यंत्रात उभ्या दांड्यांवर चाकांचे थर होते. प्रत्येक चाकावर शून्यापासून नवापर्यंत अंक असत. एक चाक एककाचे, त्याच्यावरचे दशकाचे, त्याच्यावरचे शतकाचे, अशी ती मांडणी. येथे हातच्याचा प्रश्न उभा राहिला. ९९९९ मध्ये १ मिळविला तर चारही चाके फिरून पाचवे एका घराने सरकले पाहिजे. सगळी चाके एकाच वेळी ढकलावयाची म्हणजे केवढा जोर लागेल! बॅबेजने या कामाचे दोन भाग केले. प्रथम नुसती बेरीज होई. जे चाक नवाच्या पुढे जाई, ते आपल्या शेजारचा एक लहानसा खटका सरकवून ठेवी. नंतर गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे लावलेले हात फिरत फिरत एकेक खटका तपाशीत आणि जेथे तो सरकलेला असेल, तेथे वरचे चाक एका घराने पुढे नेत. हातचा विसरण्याचा प्रश्नच उरला नाही. शिवाय खिळे जुळविणाऱ्याच्या हातूनही चूक होऊ नये, म्हणून उत्तराचे ठसे यंत्रानेच उमटवावे, अशी त्याची योजना होती.

सरकारने १८२३ साली पैसा देऊ केला. जोसेफ क्लेमंट या कुशल कारागिराने काम आरंभिले. एकसारखे हजारो सुटे भाग अत्यंत अचूक घडवावयाचे होते आणि त्यासाठी लागणारी हत्यारेही नव्याने करावी लागत होती. यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा १८३२ मध्ये जुळून तयार झाला आणि बॅबेजच्या दिवाणखान्यात येऊन बसला. तो उत्तम चाले. पुढच्याच वर्षी सतरा वर्षांची एडा ही मुलगी आईबरोबर तो पाहावयास आली व त्या यंत्रात तिला मोठी गोडी वाटू लागली.

परंतु त्याच १८३३ साली पैशांवरून आणि कारखाना दुसरीकडे हलविण्यावरून बॅबेजचे क्लेमंटशी बिनसले व काम थांबले. दोष एकट्या कारागिराचा नव्हता. बॅबेजचा स्वभाव तापट होता आणि हातचे काम पुरे होण्याआधीच त्याचे मन पुढच्या कल्पनेकडे धावे. १८३४ पासून तो ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ या सर्वस्वी नव्या यंत्राच्या मागे लागला. त्यात आकडे साठविण्याचे एक कोठार व ते दळणारी एक गिरणी असावयाची होती. आणि कोणते गणित करावयाचे, हे यंत्राला भोके पाडलेल्या पत्त्यांवरून कळावयाचे होते. रेशमी कापडावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या मागावर असेच पत्ते वापरीत. या यंत्रासंबंधीच्या एका फ्रेंच लेखाचे एडाने भाषांतर केले व त्याला जोडलेली तिची टिपणे १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मूळ लेखाहून कितीतरी लांब आहेत. यंत्राने एक कठीण गणित पायरीपायरीने कसे सोडवावे, हे तिने त्यांत मांडून दाखविले. तेही न बांधलेल्या यंत्रासाठी!

सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाल्यावर १८४२ साली सरकारने हात आखडता घेतला. तरीही १८४७ ते १८४९ या काळात बॅबेजने फरक-यंत्राचे नवे, अधिक सुटसुटीत आराखडे काढले. ते कोणी बांधले नाहीत. स्वीडनमधील शॉइट्स पितापुत्रांनी मात्र बॅबेजच्या कल्पनेवरून एक लहान यंत्र १८५३ मध्ये पुरे केले. ते लंडनला आणले तेव्हा बॅबेजने मत्सर न करता त्यांचे मनापासून कौतुक केले. १८७१ साली तो वारला. त्याचे स्वतःचे एकही मोठे यंत्र तेव्हा पुरे झालेले नव्हते.

त्याचे आराखडे जपून ठेवले होते. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १८४९ च्या त्या कागदांवरून यंत्र बांधावयास घेतले. कागदांत काही किरकोळ चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये, ओतीव धातूचे व पोलादाचे ते भलेमोठे यंत्र उभे राहिले. त्याला वाफ लागत नाही. ते हाताने फिरवावयाच्या दांडीवर चालते. दांडी फिरू लागली, चाकांचे स्तंभ खडखडू लागले, हातचे चढू लागले आणि एकतीस आकडी उत्तरे बिनचूक येऊ लागली. ठसे उमटविणारा भाग तेवढा राहिला होता; तोही २००२ मध्ये जोडण्यात आला.