मिझुनाराचे पिंप

साके या तांदळाच्या मद्याचा वंशपरंपरागत व्यवसाय करणाऱ्या घराण्यातील मासाताका ताकेत्सुरू हा तरुण 1918 साली स्कॉटलंडला गेला, तेथील कारखान्यांत उमेदवारी करून ऊर्ध्वपातनाच्या बारीकसारीक तपशिलांची टिपणे घेऊन स्वदेशी परतला, आणि त्याच्याच देखरेखीखाली शिंजिरो तोरिई या व्यापाऱ्याने क्योतोनजीक यामाझाकी मुक्कामी, निर्मळ पाण्यासाठी ख्यात असलेल्या भूमीवर, 1923 साली जपानमधील पहिल्या माल्ट व्हिस्की कारखान्याचा पाया घातला. पुढे ताकेत्सुरूने होक्काइदोतील योइची येथे स्वतंत्र कारखाना काढला. तेथील भांडी आजही दगडी कोळशाच्या आचेवर तापतात.

परंतु या विद्येचे खरे जपानीपण मला मिझुनारा या देशी ओक वृक्षात दिसते. दुसऱ्या महायुद्धामुळे व्हिस्की मुरविण्याच्या परदेशी पिंपांची आयात दुरापास्त झाली, तेव्हा केवळ नाइलाजास्तव कारागीर या लाकडाकडे वळले. ते सच्छिद्र, गाठाळ, घडविण्यास हट्टी. पिंप झिरपते, आणि पिंपाजोगा वृक्ष वाढावयास सुमारे 200 वर्षे लागतात. आरंभी त्याचा दर्प उग्र भासे. पण दीर्घकाळ मुरल्यावर त्याच मद्यास जो गंध येतो तो चंदनाचा व मंदिरातील धुपाचा, म्हणजे आपल्या देवघरास चिरपरिचित असाच. काळाखेरीज अन्य कोणी हे काम करू शकत नाही, आणि दुर्मिळतेचे मूळही तेथेच आहे. 1960 साली मिझुनाराच्या पिंपात ठेवलेले मद्य ज्यात मिसळले होते, त्या 55 वर्षे मुरलेल्या यामाझाकीच्या अवघ्या 100 बाटल्या 2020 साली जपानात सोडत काढून विकण्यात आल्या.