शुगर निघाली, गोळी सुरू झाली. आता पुढची तपासणी कधी? पहिल्या वर्षाचा हिशेब

गगनबावडा : "शुगर निघाली" हे शब्द आता तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही नवे राहिलेले नाहीत. शिबिरात बोटाला सुई टोचली, आकडा मोठा आला, पुन्हा रक्त तपासले आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. अनेक घरांत गोष्ट इथेच थांबते. महिनाभर गोळी नेमाने चालते, भात थोडा कमी होतो, चहातली साखर बंद होते. मग रोप लावणीची घाई येते, पाऊस लागतो आणि "काय दुखत न्हाई, मग कशाला जायचं?" म्हणून दुसरी तपासणी राहून जाते.

मधुमेहात घात होतो तो इथेच. हा आजार दुखत नाही. डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा आतून खराब होत असतात, तेव्हा माणूस शेतात नेहमीसारखे काम करत असतो. दिसायला कमी लागले किंवा पायाला जखम झाली की मग दवाखाना आठवतो. तोवर बरेच नुकसान झालेले असते. म्हणून निदानानंतरच्या पहिल्या वर्षात गोळीइतकीच तपासणीची तारीखही पाळावी लागते.

आकडा खरा आहे का?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, साखरेचे पाणी देऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आले तर मधुमेह धरला जातो. काही लक्षणे नसतील, तर निदान पक्के करण्यासाठी दुसऱ्यांदा तपासणी करतात. शिबिरात बोटातून घेतलेल्या रक्ताचा एकच आकडा पुरेसा नसतो. त्यावरून घाबरून जाऊ नये, पण विसरूनही जाऊ नये.

"मी तर बारीक, दिवसभर शेतात राबतो, मला कशी शुगर?" हा प्रश्न गावात नेहमी येतो. याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणजे आपल्याकडचा माणूस वरून बारीक दिसला, तरी त्याच्या आत चरबी जास्त असू शकते. त्यामुळे अंगकाठी बघून रिपोर्ट खोटा ठरवू नये.

तीन आकडे, तीन कामे

उपाशीपोटीची साखर : रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास काही न खाता ही तपासणी करतात. पाणी चालते, चहा नाही. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी ८० ते १३० हे लक्ष्य असते.

जेवणानंतरची साखर : पहिला घास घेतल्यापासून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. ही १८० च्या आत असावी. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी जेवणासोबतची गोळी अनेकजण टाळतात. मग आकडा चुकीचा येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रोजचे जेवण आणि रोजची गोळी घेऊनच ही तपासणी करावी.

एचबीएवनसी : याला लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. किती चिकटली हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीआधी चार दिवस नुसती भाकरी खाऊन उपाशीपोटीचा आकडा खाली आणता येतो, पण या तपासणीला फसवता येत नाही. यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही. बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आत हे लक्ष्य असते. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात.

एक गोष्ट महिलांनी विशेष लक्षात ठेवावी. अंगात रक्त कमी असेल, तर एचबीएवनसीचा आकडा चुकू शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे आणि ते कमी असेल तर डॉक्टरांना सांगावे.

पहिल्याच वर्षावर एवढा जोर का?

ब्रिटनमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात नुकतेच मधुमेहाचे निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले होते. काहींची साखर औषधांनी काटेकोर ठेवली, काहींना त्या काळची नेहमीची वागणूक दिली. दहा वर्षांत पहिल्या गटाचे एचबीएवनसी ७.० च्या आसपास राहिले, दुसऱ्याचे ७.९ च्या. फरक एवढाच, पण १९९८ साली निकाल आला तेव्हा डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास पहिल्या गटात २५ टक्क्यांनी कमी निघाले.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही २००८ साली पुन्हा पाहिले, तेव्हा सुरुवातीला साखर नीट ठेवलेल्यांचा फायदा टिकून होता. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेली काळजी पुढे बरीच वर्षे कामी येते, हे त्यातून दिसले.

वर्षाचे वेळापत्रक

निदान झाले त्याच महिन्यात :
- रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर
- किडनीसाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी
- रक्तातील चरबी (कोलेस्टेरॉल)
- डोळ्यात थेंब टाकून पडद्याची तपासणी
- पायाला स्पर्श कळतो का आणि नाडी लागते का, याची तपासणी

डोळ्यांचे आता काय घाई, असे वाटते. पण टाईप टू मधुमेह कळतो त्याआधी कित्येक वर्षे अंगात असू शकतो. त्यामुळे काहींच्या डोळ्यावर किंवा किडनीवर निदानाच्या दिवशीच परिणाम झालेला असतो. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

दोन ते चार आठवड्यांनी : उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर. गोळी सोसते का, पोट बिघडते का, हे डॉक्टरांना सांगावे. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. जेवणासोबत घेतल्यास आणि डोस हळूहळू वाढवल्यास त्रास सहसा कमी होतो. गोळी परस्पर बंद करू नये.

तिसऱ्या महिन्यात : एचबीएवनसी, वजन, रक्तदाब. आकडा लक्ष्यात नसेल तर औषध बदलते आणि पुन्हा तीन महिन्यांनी तपासणी होते. लक्ष्यात असेल तर पुढे दर सहा महिन्यांनी केली तरी चालते.

बाराव्या महिन्यात : डोळे, किडनी, पाय आणि चरबी यांच्या सगळ्या तपासण्या पुन्हा. त्यानंतर दरवर्षी.

रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा. १३०/८० च्या आत ठेवणे हे बहुतेकांचे लक्ष्य असते. तंबाखू, मिश्री, विडी सोडणे हाही उपचाराचाच भाग आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, कारण मधुमेहात क्षयरोगाचा धोका वाढतो.

गगनबावड्याचा पाऊस आणि पाय

जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस याच तालुक्यात पडतो. भाताच्या खाचरात दिवसभर पाय चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, काटा रुततो, जळू लागते. धडधाकट माणसाची जखम आठवड्यात भरून येते. पण मधुमेहात नसा बधिर झाल्या असतील तर काटा रुतलेला कळतच नाही आणि साखर जास्त असेल तर जखम चिघळते.

रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांमधली जागा कोरडी करून, तळपाय बघायचे. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचे किंवा आरसा ठेवायचा. नखे सरळ कापायची. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. थंडी-पावसात चुलीपुढे किंवा शेगडीवर पाय शेकायची सवय असेल तर ती बंद करावी. बधिर पाय भाजला तरी समजत नाही. जखम लाल झाली, सूज आली, पू दिसला किंवा कातडी काळी पडली, तर हळद-तेल लावून वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पूर येण्याआधी गोळ्यांची सोय

जोरदार पावसात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येते आणि कोल्हापूरचा मार्ग बंद पडतो. घाटात दरड कोसळली की कोकणाकडची वाटही अडते. कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटरवर. ज्यांची औषधे शहरातून येतात, त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीलाच तपासणी करून जादा दिवसांच्या गोळ्या घरात ठेवाव्यात. चिठ्ठीचा आणि रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तरी अडत नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी. इथल्या दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवते. तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला गुळाचा अंश असला तरी आकडा वर जातो. आणि चहात साखरेऐवजी गूळ टाकला म्हणून शुगर वाढत नाही, हा समज चुकीचा आहे.

साखर कमी झाली तर

सगळ्याच गोळ्यांनी साखर फार खाली जात नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. पण ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले, एकादशीचा कडक उपवास धरला किंवा ऊसतोडीसारखे अंगमेहनतीचे काम केले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवसभर साबुदाणा खाल्ल्याने तर साखर उलटी वाढते.

आकडा चांगला आला, मग गोळी बंद?

सर्वाधिक चूक इथे होते. तिसऱ्या महिन्यात एचबीएवनसी ६.८ आले की "शुगर गेली" असे वाटते. ती गेलेली नसते, गोळी आणि पथ्याने ताब्यात आलेली असते. वजन बरेच घटले तर काहींची औषधे कमी होतात, क्वचित बंदही होतात, पण ते डॉक्टरांनी आकडे बघून ठरवायचे असते. कुणी सांगितलेला काढा किंवा चूर्ण घेतले म्हणून चालू गोळी सोडू नये. "गोळी एकदा लागली की सुटत न्हाई" या भीतीने ती सुरूच न करणे त्याहून महाग पडते. किडनी खराब होते ती बहुतेक वेळा अनेक वर्षे वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने.

तपासणी कुठे?

गावातील आशाताई ३० वर्षांवरील व्यक्तींचा अर्ज भरून उपकेंद्रात तपासणीसाठी पाठवतात. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे साखर आणि रक्तदाब मोजता येतो, तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गगनबावड्याचे ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एचबीएवनसी, लघवीतील प्रथिने किंवा डोळ्याच्या पडद्याची तपासणी जवळ होत नसेल, तर ती कुठे होईल हे तिथेच विचारून चिठ्ठी घ्यावी. त्यापुढच्या उपचारांसाठी कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर आहे.

प्रत्येक भेटीला एक वही सोबत न्यावी. तारीख, आकडा, रक्तदाब, वजन आणि चालू गोळ्या एवढेच लिहिले तरी पुरे. आणि दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारावा : पुन्हा कधी यायचं? ती तारीख तिथल्या तिथे मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकावी आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावी.